आजीची पुस्तिका

आजीच्या वर्षश्राद्धाला तिच्यावर एक छोटी पुस्तिका काढायची असं घरात ठरलं आणि जुळवाजुळव माझ्या गळ्यात पडली. आत्या, काका, भावंडं, सगळ्यांना सांगितलं की आठवणी लिहून पाठवा. मजकूर भराभर आला. प्रेमळ, मायाळू, कष्टाळू, देवभोळी, मुलांवर उत्तम संस्कार करणारी, आदर्श शिक्षिका. नाव बदललं असतं तर हीच पुस्तिका शेजारच्या काकूंच्या सासूबाईंनाही चालली असती. शिवाय आजी देवभोळी नव्हतीच. देवाला नमस्कार करायची तो एस्टी चुकेल अशा घाईत. आणि मायाळू म्हणायचं तर, मी दहावीचा निकाल घेऊन नाचत गेले तेव्हा तिने गुणपत्रिका हातात घेऊन पहिला प्रश्न केला होता, "भूगोलात कुठे गेले?" तिच्याकडून मिळू शकणारं सर्वांत मोठं कौतुक म्हणजे "बरं आहे". त्याच्या वरची पायरी मी तरी पाहिलेली नाही.

म्हणून तो मजकूर बाजूला ठेवला आणि कागदांपासून सुरुवात केली. असं काम कुणाला करायचं असेल तर माझं मत असं की आधी कागद, मग माणसं. माणसांशी आधी बोललं की त्यांच्या गोष्टी डोक्यात इतक्या पक्क्या बसतात की पुढे कागद हाती आला तरी आपण तो त्या गोष्टींच्या बाजूने वाचतो.

पहिला कागद सेवापुस्तकाचा. त्याची झेरॉक्स पेन्शनच्या फायलीत होती. जन्मतारीख १ जून १९३६. त्या पिढीतल्या अर्ध्या महाराष्ट्राचा वाढदिवस १ जूनला असतो. शाळेत नाव घालायला बाप आला, तारीख सांगता आली नाही, की गुरुजी १ जून टाकून मोकळे व्हायचे. आजीची आई सांगायची की ही नवरात्रात झाली. आजीने स्वतः मात्र शिक्षिका झाल्यावर १ जून टाकायला साफ नकार दिला होता. आईबापांना बसवून घ्यायची आणि विचारायची, पेरणी झाली होती का, कुठला सण जवळ होता, अमावास्या झाली होती की यायची होती. मग पंचांग काढून तारीख ठरवायची. हे मला तिच्या एका विद्यार्थिनीने सांगितलं. 'माझी तारीख खरी आहे,' असं ती ज्या अभिमानाने म्हणाली, तसं मी कुणाला जन्मतारखेबद्दल बोलताना ऐकलं नव्हतं.

सेवापुस्तकात पहिली नेमणूक १९५४ ची, 'उत्तर सातारा जिल्हा स्कूल बोर्ड' अशी. हे नाव मला नवीन होतं. १९४९ मध्ये सातारा जिल्ह्याचे उत्तर आणि दक्षिण असे दोन भाग झाले आणि १९६० मध्ये दक्षिण साताऱ्याचं नाव सांगली पडलं, हे त्यानिमित्ताने कळलं. सातवीची फायनल पास झालेली मुलगी, वय अठरा, कराड तालुक्यातली एकशिक्षकी शाळा. मधे साताऱ्याला पीटीसी, म्हणजे प्राथमिक शिक्षकांचं प्रशिक्षण. मग कोयनेच्या काठचं एक गाव. १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा आल्या तेव्हा 'जिल्हा परिषदेकडे वर्ग' असा शिक्का. त्याआधीच पाटण तालुक्यात मोरणेच्या खोऱ्यात बदली झालेली. १९६९ ला माण तालुका. १९७५ ला परत कराडकडे. ३१ मे १९९४ ला निवृत्त. चाळीस वर्षं, आणि सगळ्या नोंदी मिळून दहा-बारा पानं.

आजोबा या सगळ्यात कुठे होते? मुंबईला, गिरणीत. गणपतीला आणि शिमग्याला यायचे. १९८२ च्या संपानंतर कायमचे आले ते हातात काही नसताना. त्याच्या आधीही घर आजीच्या पगारावरच चालत होतं, पण ते कुणी बोलून दाखवायचं नाही असा अलिखित नियम होता. माझ्या एका आत्याने 'आजोबांच्या भक्कम पाठिंब्यामुळे' असं लिहून पाठवलं होतं. मी ते वाक्य काढलं. आजोबांवर माझाही जीव होता, पण पाठिंबा मनिऑर्डरीने यायचा आणि तोही दर महिन्याला यायचा असं नाही.

पेन्शनच्या फायलीखाली पत्रांचा गठ्ठा होता. बहुतेक तिने आपल्या आईला लिहिलेली. आई गेल्यावर परत हिच्याकडे आलेली. तारीख अर्ध्यांवर नाही. इथे मला आजीच्याच शिस्तीचा उपयोग झाला. ती सरकारी नियम आला की त्या दिवसापासून पाळणारी बाई. काही पत्रांत 'शाळेंत', 'कांहीं', 'नांव' असे अनुस्वार आहेत आणि काहींत ते एकदम गायब आहेत. शुद्धलेखनाचे नवे नियम १९६२ चे, म्हणजे अनुस्वारवाली पत्रं त्याच्या आधीची. पैशांचंही तसंच. १ एप्रिल १९५७ पासून दशमान नाणी आली. आण्यांचा हिशेब असलेली पत्रं त्याच्या आधीची धरली, 'न. पै.' असलेली नंतरची. घरच्या कुणाकडे जुने कागद असतील तर ही युक्ती करून पाहा, फारशी चुकत नाही. एका पत्रात ती आईला लिहिते, की बाजारात अजून सगळे आण्यांत बोलतात आणि मी शाळेत नये पैसे शिकवते, त्यामुळे मुलं घरी जाऊन मार खातात.

मग माणसं. कोयनाकाठचं ते गाव आता शिवसागराच्या, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयाच्या, पाण्याखाली आहे. धरणग्रस्तांना सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी, रायगड, ठाणे असं लांबलांब पांगवलं. त्यामुळे आजीचे १९५७ ते ६० चे विद्यार्थी शोधायचे तर गावात जाऊन चौकशी करायची सोय नाही. एकाचा नंबर मिळाला, त्याने रायगडमधल्या वसाहतीतल्या दुसऱ्याचा दिला, त्याने सोलापूरकडच्या बहिणीचा. सगळे सत्तरी ओलांडलेले. त्यातल्या एकांनी फोन उचलल्या उचलल्या, मी कोण हे नीट सांगायच्या आतच, मला औटकी म्हणून दाखवली. साडेतीनचा पाढा. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी, अडीचकी, औटकी, सगळं पाठ. "बाईंनी करून घेतलं," म्हणाले, "आणि दोन-चार वर्षांत किलो आन लिटर आलं. शेर-पायली गेली. पाढं ऱ्हायलं." हे सांगताना हसत होते.

फोनवर बोलताना एक गोष्ट मी ठरवून केली. 'बाई कशा होत्या?' हा प्रश्न विचारायचा नाही. तो विचारला की समोरचा माणूस सभेत उभा राहिल्यासारखा बोलायला लागतो. त्याऐवजी विचारायचं, शाळा कुठे भरायची, पाणी कुठून आणायचं, बाई कुठे राहायच्या, चिडल्या की काय करायच्या. शेवटच्या प्रश्नाला सगळ्यांनी भरभरून उत्तरं दिली. आवाज चढवायच्या नाहीत, उलट हळू करायच्या, आणि मग वर्गाला घाम फुटायचा. माणमधल्या एका गृहस्थांनी सांगितलं, "थंडीत हातावर छडी मारायच्या. ते चुकीचंच होतं. तुम्ही छापणार असाल तर हेही छापा." छापलंय. त्यांनी त्याला 'पण' जोडला नाही, म्हणून मीही जोडला नाही.

कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ चा, सोमवारी पहाटे. आजी तेव्हा मोरणेच्या खोऱ्यात. माझे वडील नऊ वर्षांचे. घरातली गोष्ट अशी, की आजीने मुलांना छातीशी धरून बाहेर काढलं. वडिलांना विचारलं तर म्हणाले, आम्ही आमचे पळालो, तिच्या आधी. मग ती कुठे होती? तर उजाडल्यावर हजेरीपट काखेत मारून वाड्यांवर गेली होती. त्या शाळेतल्या एक बाई, आता त्यांची साठी उलटून गेलीय, सांगत होत्या की बाई आमच्या दारात आल्या, माझं नाव घेतलं, मी ओ दिली, त्यांनी वहीत खूण केली आणि पुढच्या घरी गेल्या. बसा म्हटलं तर बसल्या नाहीत. नंतर बरेच दिवस शाळा उघड्यावर, मग पत्र्याच्या शेडमध्ये. शाळेच्या त्या वर्षीच्या वहीतलं पान मला बघायला मिळालं. आजीच्या अक्षरात त्या तारखेपुढे तीनच वाक्यं आहेत: 'भूकंप. शाळा भरली नाही. सर्व मुले पाहिली.'

पुस्तिकेसाठी खरं धन मात्र निघालं ट्रंकेच्या तळाशी. चामडी पाठीच्या जाड वह्या, पानन्‌पान भरलेलं आणि एक अक्षर वाचता येईना, कारण सगळं मोडीत. आजी शाळेत होती तेव्हा मोडी शिकवत असत. ती तिला येते हे घरात माहीत होतं, पण ती रोज मोडीत लिहीत असेल हे कुणाच्या गावी नव्हतं. वडील म्हणाले, किराणाचा हिशेब असेल.

मोडी वाचणारा माणूस मिळणं सध्या किती कठीण आहे ते शोधायला लागल्यावर समजलं. कुणबी नोंदी शोधायचं काम २०२३ मध्ये सुरू झालं तेव्हापासून मोडीवाचकांना श्वास घ्यायला फुरसत नाही. भूमी अभिलेखात नोकरी केलेले एक निवृत्त गृहस्थ शेवटी तयार झाले. मी पानांचे फोटो पाठवायचे, त्यांनी रात्री जेवणानंतर वाचून मला फोनवर सांगायचं. पहिल्याच रात्री म्हणाले, "हिशेब नाहीये हा. मुलं आहेत."

मुलंच होती. चाळीस वर्षांतली, शाळेवार, वर्षवार. नाव आणि पुढे एक-दोन ओळी. कुणाला दाखवायच्या नसाव्यात, म्हणूनच मोडी. काही नोंदी नावं गाळून इथे देते.

'अक्षर गिचमिड. डोके चलाख. अक्षरावरून ओरडू नये.'

'पोट दुखते म्हणते. पोट नाही, पाढे दुखतात.'

'भागाकार येत नाही. माझे काही चुकते काय, पुन्हा पाहणे.'

'गुरांमागे. सकाळची शाळा करून पाहावी.' आणि पुढच्या पानावर त्याच मुलापुढे: 'सकाळीही गुरे.'

'खोटे बोलतो. गोष्ट चांगली रचतो. लिहायला लावणे.'

'लग्न. वय १३. गेले. आई रडली. बाप बोलला नाही. उपयोग नाही.'

तो 'गेले' शब्द वहीत सारखा येतो. मूल आठवडाभर आलं नाही की ही त्याच्या घरी जायची आणि काय झालं ते लिहायची. 'गेले. मुंबईस पाठविला, हॉटेलात.' 'गेले. गोवर. सर्व भावंडांना.' 'गेले. घर बंद.' बहुतेक वेळा उपयोग झालेला नाही. ज्या मुलीचं नाव पुन्हा पटावर आलं अशा नोंदी थोड्या आहेत आणि त्यांच्यापुढे तिने आनंदाचा एक शब्द लिहिलेला नाही. नुसतं 'आली'.

वाचून दाखवणाऱ्या गृहस्थांनी मधेच मला थांबवून एक गंमत सांगितली. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळत नाहीत, एकच वेलांटी. आम्हा नातवंडांच्या पत्रांतल्या वेलांट्या लाल पेनाने दुरुस्त करून ती पत्रं उलट टपाली धाडणारी ही बाई. स्वतःच्या खासगी वहीत मजेत होती म्हणायची.

या वह्यांमुळे माणची वर्षंही उलगडली. १९७२ चा दुष्काळ. शाळेच्या शेरेबुकात तपासणीला आलेल्या साहेबांचा शेरा आहे: 'पटाच्या मानाने हजेरी फारच कमी. सुधारणा व्हावी.' त्याच महिन्याचा मोडीतला मजकूर: 'एकोणीस मुले पाझर तलावावर. खडी. सुकडी मिळते म्हणून.' गावोगावी दुष्काळी कामं निघाली होती आणि मजुरांना तिथे सुकडी, म्हणजे कोरडं पौष्टिक खाणं, मिळायची. हजेरीपटावर एकोणीस जणांना हजर दाखवणं अजिबात अवघड नव्हतं. तसं केलं असतं तर शेरा आला नसता. तिने गैरहजर लावले, शेरा घेतला, आणि खाली सही केली. त्यात काही बाणेदारपणा तिला वाटला असेल असं मला वाटत नाही. मुलं आली नव्हती, मग आली कशी लिहायची, इतका तो सरळ हिशेब असणार.

१९७७-७८ च्या ५४ दिवसांच्या संपाबद्दल मात्र माझा पार गोंधळ उडाला. धाकटी आत्या म्हणते आई संपात होती, घरी बसून गोधड्या शिवत होती. एक विद्यार्थी म्हणतो, बाई ओट्यावर आमचा अभ्यास घ्यायच्या. दोन्ही छापलं. गोधडी शिवता शिवता पाढे म्हणवून घेता येतातच.

खरी धुमश्चक्री झाली ती वह्या छापायच्या की नाही यावर. थोरली आत्या रागावली. "तिने लपवून ठेवलं ते तुम्ही चव्हाट्यावर मांडणार? मेलेल्या माणसाचं?" तिचं म्हणणं मला अर्धं पटलं होतं. वह्या आजीच्या, पण आयुष्यं त्या मुलांची. त्यातली बरीच अजून हयात आहेत, सूननातवंडांत आहेत, आणि तेराव्या वर्षी लग्न झाल्याची ओळ कुणाच्या घरी कशी वाचली जाईल ते आपण सांगू शकत नाही. म्हणून नावं काढली, गावं काढली, वर्षंही काढली. एवढं करूनही ओळखू येतील अशा नोंदी वगळल्या. ज्यांचा फोन नंबर होता त्यांना त्यांची ओळ वाचून दाखवली. 'खोटे बोलतो, गोष्ट चांगली रचतो' हे ज्यांच्याबद्दल होतं ते निवृत्त तलाठी निघाले आणि पोट धरून हसले. एकीने मात्र 'नको' म्हटलं आणि फोन ठेवला. तिची ओळ काढली.

वडिलांची नोंदही होती. ते तिसरीत-चौथीत आजीच्याच वर्गात होते. शाळेत तिला बाई म्हणायचं, घरी आल्यावर आई. 'घरचा. गणितात कच्चा. घरचा आहे म्हणून सोपी गणिते घालू नयेत.' मी ती ओळ त्यांना वाचून दाखवताना जरा घाबरले होते. त्यांनी ती पुन्हा वाचायला सांगितली. मग म्हणाले, "छाप. आणि याच्यावर नाव असू दे." थोरल्या आत्याने त्यावर हात टेकले. तिची स्वतःची नोंद काय आहे ते तिने तोवर विचारलं नव्हतं. त्या रात्री मला वेगळा फोन करून विचारलं. काय आहे ते मी इथे लिहिणार नाही. तिने तिची ओळ छापू दिली नाही, पण कागदावर उतरवून मागितली.

छपाईचं फार सांगण्यासारखं नाही, एक सोडून. मी सगळं युनिकोडमध्ये टाईप केलं होतं, छापखान्यात ते त्यांच्या फॉन्टमध्ये घेतलं, आणि प्रत्येक 'ऱ्या'चं 'र्या' झालं. दुसर्या, साताऱ्याचा सातार्या, कोऱ्या वह्यांच्या कोर्या. आजीच्या पुस्तिकेत हे गेलं असतं तर तिने वरून छडी फेकली असती. प्रत्येक 'ऱ्या' हाताने दुरुस्त केला, पुन्हा प्रूफ काढलं, तरी दोन ठिकाणी राहिलाच. पानं सोळाच्या पटीत बसवायची म्हणून फोटो कमी केले. तसेही तिचे फोटो थोडेच. शाळेच्या गटफोटोत ती कायम कडेला आणि अर्धी कुठल्यातरी मुलाकडे वळलेली.

नातेवाइकांनी पाठवलेल्या मजकुरातली 'प्रेमळ' आणि 'मायाळू' ही विशेषणं मी कुणालाही न विचारता काढली होती. पुस्तिका हातात आल्यावर फक्त एका काकांच्या लक्षात आलं. त्यांनी विचारलं तेव्हा मी त्यांना मधलं एक पान उघडून दिलं, त्यांनी उभ्याउभ्या वाचलं आणि पुढे विषय काढला नाही.

प्रती वाटल्या, टपालाने पाठवल्या, आणि रायगडच्या वसाहतीतून एका आजींचा फोन आला. त्यांचं म्हणणं, पुस्तिकेत चूक आहे. आजीची कोयनाकाठची नोकरी जून १९६० पर्यंत होती असं छापलंय, पण आम्ही गाव सोडलं तेव्हा बाई होत्या. मी सेवापुस्तकाचा हवाला दिला. त्या म्हणाल्या, सेवापुस्तक असेल, माझ्याकडे दाखला आहे. नातवाकडून त्याचा फोटो पाठवला. शाळा सोडल्याचा दाखला, कारणाच्या रकान्यात 'गाव उठले', खाली आजीची सही, तारीख १८ फेब्रुवारी १९६१. सही तिचीच, तो लफ्फेदार शेवट मी ओळखते. बदली होऊन आठ महिने झालेली बाई जुन्या शाळेचे दाखले कोणत्या अधिकारात लिहीत होती, रजा काढून आली होती की कुणी पाठवलं होतं, हे सेवापुस्तकात नाही. त्या वर्षीची मोडी वही अर्धी ओलीने गेलेली आहे. गृहस्थांना म्हटलंय की उरलेली पानं एकदा पुन्हा बघा. ते म्हणाले, पुढच्या महिन्यात, हातातल्या नोंदी संपल्या की.